टर्मिनल जसे मिळाले तसे परत करावे

पुण्यात हिंजवडीच्या कंपन्यांत लिनक्सवरील कामाला नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न विचारतो: तुमचा प्रोग्रॅम चूक आढळून मध्येच संपला, तर त्यानंतर टाइप केलेली कमांड पडद्यावर उमटेल का? सी उत्तम येणारेही बहुधा असे धरून चालतात की प्रोसेस संपली की तिचे सगळे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आवरतो. मेमरी आणि उघड्या फाइली यांच्याबाबत ते खरे आहे, परंतु अक्षरे उमटवणे, एंटर दाबेपर्यंत ओळ राखून ठेवणे, कंट्रोल-सीचा सिग्नल करणे या सेटिंग्ज प्रोसेसच्या नसून टर्मिनलच्या असतात, आणि म्हणून प्रोग्रॅमने त्या बदलल्या असतील, तर तो गेल्यावरही त्या तशाच मागे राहतात.

१९८८ च्या पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातील टर्मिऑसमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंग्ज वाचण्या-बदलण्याच्या इंटरफेसमध्ये, यासाठी दोन फंक्शने आहेत. टीसीगेटअ‍ॅट्रने मूळ अवस्था जपून ठेवावी, बदल तिच्या प्रतीत करावेत आणि निघताना टीसीसेटअ‍ॅट्रने मूळ अवस्थाच परत बसवावी. अंदाजाने एको (अक्षरे उमटवणे) आणि आयकॅनॉन (ओळ राखून ठेवणे) चालू करून निघून जाणे मला मान्य नाही, कारण वापरणाऱ्याने बॅकस्पेसची कळ आपल्या सोयीने बदललेली असू शकते.

अवघड भाग बाहेर पडण्याच्या वाटांचा आहे. अ‍ॅटएक्झिटला दिलेले फंक्शन एक्झिटने संपताना चालते, मात्र न हाताळलेल्या सिगटर्मने, म्हणजे संपायला सांगणाऱ्या सिग्नलने, प्रोसेस मेली तर चालत नाही. कंट्रोल-झेडच्या वेळी थांबण्यापूर्वी टर्मिनल पूर्ववत करावे लागते आणि सिगकॉन्ट हा पुन्हा चालू करणारा सिग्नल आल्यावर आपली अवस्था पुन्हा लावून पडदा नव्याने काढावा लागतो. सक्तीने मारणारा सिगकिल तर अडवताच येत नाही. एनकर्सेस ही पडदा रेखाटणारी लायब्ररी वापरत असाल तर टर्मिनल पूर्ववत करणारे तिचे एंडविन प्रत्येक वाटेवर बोलावले जाते ना, हे पाहावे. पायथनमध्ये कर्सेसचे रॅपर हे फंक्शन अपवाद (एक्सेप्शन) आला तरी ही काळजी घेते.

येथे बॅश या कमांड चालवणाऱ्या शेलमुळे फसगत होते, हे मी आवर्जून सांगतो. काम सिग्नलने मेले किंवा थांबले, तर इंटरॅक्टिव्ह बॅश टर्मिऑसची जुनी अवस्था स्वतःच परत लावते आणि दोष झाकला जातो. तोच प्रोग्रॅम स्क्रिप्टमधून चालवला की ही मदत मिळत नाही. शिवाय पर्यायी पडदा (पूर्ण पडदा वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पडदा) आणि लपवलेला कर्सर यांची नोंद कर्नलकडे नसते, ती टर्मिनल एम्युलेटरकडे, म्हणजे टर्मिनलची खिडकी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, असते. त्यामुळे तेथे कर्नलकडील सेटिंग्ज ठीक करणारी ‘एसटीटीवाय सेन’ ही कमांड पुरत नाही, ‘रीसेट’ लागते. एंटरही चालेनासे झाले असेल, तर कंट्रोल-जे दाबावे, कमांड न दिसताच टाइप करावी आणि पुन्हा कंट्रोल-जे दाबावे.

चाचणीही म्हणून स्क्रिप्टमध्येच करावी: आधी सध्याच्या सेटिंग्ज छापणाऱ्या ‘एसटीटीवाय -जी’चे उत्तर साठवावे, प्रोग्रॅम चालवावा, नंतरचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे; आणि हे नेहमीच्या निघण्याने, मुद्दाम घडवलेल्या चुकीने, तसेच दुसऱ्या टर्मिनलमधून पाठवलेल्या सिगटर्मने, असे प्रत्येक वाटेसाठी वेगळे करावे.