स्वस्त माउंटन सायकलचा पुढचा फोर्क: दोष कसा शोधावा, किती दुरुस्त करावा

पंधरा-वीस हजार रुपयांच्या आतल्या माउंटन सायकलींना जो सस्पेन्शन फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के झेलणारा दोन पायांचा भाग) येतो, त्याची रचना अगदी साधी असते. वरच्या चकचकीत नळ्या बहुधा लोखंडी असून त्यांवर क्रोमचा मुलामा असतो, डाव्या पायात सहसा एक स्प्रिंग असते, उजव्या पायात लॉकआउटची, म्हणजे फोर्कचे दबणे बंद करण्याची, यंत्रणा असते आणि नळ्या ज्यांवर सरकतात ते बुश प्लॅस्टिकचे असतात. रचना साधी असल्यामुळे त्यातले बरेचसे बिघाड घरी ओळखता येतात आणि अनेक तक्रारींचे मूळ वाळलेल्या ग्रीसमध्ये किंवा फोर्कच्या बाहेरच सापडते. म्हणूनच पाना हातात घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे ठरवावे.

सर्वप्रथम फोर्क सरळ बसवला आहे की नाही ते पाहावे. दोन्ही पायांना जोडणारी कमान चाकाच्या पुढच्या बाजूस आणि डिस्क ब्रेकची बैठक डाव्या पायाच्या मागे असायला हवी. खोक्यातून काढून घाईने जोडलेल्या सायकलींत फोर्क उलटा फिरलेला सर्रास दिसतो; अशा वेळी चाक पायाच्या बोटांना लागते आणि हँडल विचित्र वागते. (कमान मागे ठेवणारे काही महागडे फोर्क आहेत, पण या किमतीत तो प्रश्न येत नाही.)

ब्रेक मारताना पुढून खटखट येत असेल, तर पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागे-पुढे हलवावी आणि दुसऱ्या हाताची बोटे आधी फ्रेम व फोर्क जिथे मिळतात त्या सांध्यावर, मग नळी जिथे खालच्या पायात शिरते त्या सीलवर ठेवावीत. वरच्या सांध्यात हालचाल जाणवली, तर दोष हेडसेटचा, म्हणजे त्या सांध्यातल्या बेअरिंगचा, आहे: स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट सैल करून वरच्या टोपणाचा बोल्ट किंचित आवळावा, हँडल मोकळे फिरते याची खात्री करावी आणि मगच बाजूचे बोल्ट पुन्हा कसावेत. सीलपाशी हालचाल असेल, तर बुश झिजलेले आहेत. थोडा प्ले (सैलपणा) या फोर्कमध्ये नव्यातही असतो. तो दिवसेंदिवस वाढत असेल तर मात्र दुर्लक्ष करू नये.

फोर्क दबतच नसेल, तर लॉकआउट चालू नाही ना हे आधी तपासावे. त्यानंतर डाव्या टोपणावरचा प्रीलोडचा नॉब पूर्ण सैल करून पाहावा. या नॉबने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, ती केवळ सुरुवातीला किती दाबलेली राहील एवढेच बदलते; त्यामुळे हलक्या वजनाच्या चालकाला नॉब फिरवून फारसा फरक पडत नाही. नळीवर सीलला टेकवून प्लॅस्टिकचा झिप टाय बांधावा, सीटवर अलगद बसून उतरावे आणि तो किती सरकला ते मोजावे. १०० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये २० ते २५ मिलिमीटर सरकणे योग्य होय. जेमतेम पाच-सात सरकत असेल, तर एकतर स्प्रिंग तुमच्या वजनाला जड आहे किंवा आत ग्रीस उरलेले नाही.

ग्रीस भरण्यासाठी फोर्क उघडावाच लागतो. सीलवर स्प्रे मारून क्षणभर बरे वाटते, परंतु पातळ तेलाने आतले उरलेसुरले ग्रीसही धुऊन जाते. चाक काढावे, कॅलिपर (ब्रेकचा डिस्क पकडणारा भाग) सोडवून बाजूला बांधावा आणि ब्रेक हायड्रॉलिक असल्यास चाक बाहेर असताना त्याची दांडी चुकूनही दाबू नये. प्रीलोड पूर्ण सैल करून पायांच्या तळाचे बोल्ट चार-पाच आटे ढिले करावेत. बोल्टबरोबर आतली दांडीही फिरू लागली, तर फोर्क खाली दाबून धरावा म्हणजे स्प्रिंगच्या जोराने दांडी अडते. ढिल्या बोल्टच्या डोक्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर दांडी सुटते; मग बोल्ट काढून दोन्ही पाय एकत्र खाली ओढावेत. निघालेल्या प्रत्येक वस्तूचा क्रमाने फोटो काढून ठेवावा, कारण वॉशर आणि रबरी तुकडे नेमके कुठे होते हे जोडताना आठवत नाही.

काळे पडलेले ग्रीस कोरड्या फडक्याने पुसून काढावे आणि रबराला पेट्रोल लावू नये. प्रत्येक पायात दोन बुश असतात, एक सीलच्या लगेच खाली आणि दुसरा बराच खोल. खोल बुशपर्यंत बोट पोहोचत नाही, म्हणून काठीला फडके गुंडाळून तिथे सस्पेन्शनचे ग्रीस पोहोचवावे. तोच बहुधा कोरडा राहिलेला असतो. सीलच्या आतल्या कडेलाही थोडे लावावे. जोडताना तळाचे बोल्ट जोर लावून आवळू नयेत, आतले आटे नाजूक असतात. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा एवढे केले, तर फोर्क वर्षानुवर्षे साथ देतो. धुताना पाण्याची प्रेशर गन सीलवर रोखणे मात्र कायमचे बंद करावे.

ग्रीसनंतर फोर्क अधिक उसळतो असे वाटल्यास घाबरू नये. यातल्या बहुतेकांत उसळी आवरणारी यंत्रणा नसतेच, आतापर्यंत घर्षणच ते काम करत होते. चाक उचलताना वर ठक्क असा आवाज येण्याचे कारण बहुधा हेच असते, क्वचित आतला रबरी तुकडा तुटलेला असतो. लॉकआउट धरत नसेल किंवा उजव्या पायातून तेल गळत असेल, तर लॉकआउटचे कार्ट्रिज (पायातला बंद नळीसारखा भाग) सुटे मिळाल्यास बदलावे, उघडून दुरुस्त करू नये.

नळीवरचा क्रोम उडून नखाला लागेल असा गंज धरला असेल, नळी वाकली असेल किंवा वरच्या जोडापाशी बारीकशीही चीर दिसत असेल, तर त्या फोर्कवर आणखी खर्च करू नये, आणि चीर असेल तर त्यावर सायकल चालवूच नये. तसाच दुसरा स्वस्त फोर्क घेण्यापेक्षा, रोजचा रस्ता डांबरी असेल तर, बिनसस्पेन्शनचा साधा फोर्क मला अधिक शहाणपणाचा वाटतो: तो हलका असतो आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसते. मात्र घेताना एक्सलपासून वरच्या जोडापर्यंतची लांबी जुन्या फोर्कची मोजून, त्यातून चालक बसल्यावर तो जितका दबत असे तेवढे अंतर वजा करून, त्याच्या जवळचा निवडावा आणि स्टिअरिंगच्या नळीचा व्यास व ब्रेकची बैठक जुळते का तेही दुकानातच पडताळून घ्यावे.