नव्या लेसला जुना रंग, चहाच्या पाण्यात

दिवाळीच्या तोरणासाठी गोणपाट आणि सुतळी आणली, पण त्यावर नवी पांढरीशुभ्र लेस डोळ्यांत खुपते. ती चहात रंगवा, आजीच्या पेटीतली वाटेल.

१. लिटरभर पाण्यात ४ चमचे चहा पावडर उकळून कपड्याने गाळा. एखादा कण राहिला तरी तिथे तपकिरी ठिपका उमटतो.
२. सुती लेस आधी साध्या पाण्यात भिजवून पिळा, नाहीतर डाग पडतात. मग २० मिनिटं चहात बुडवा. पॉलिएस्टरची घेऊ नका, ती रंग नीट धरत नाही.
३. सावलीत वाळवा. वाळल्यावर रंग उतरतो, म्हणून ओली असताना गडदच दिसू दे.

गोणपाटाच्या कडा दुमडू नका. चार-पाच धागे ओढून काढले की छान झालर सुटते.

तोरण पणत्यांपासून लांबच बांधा, गोणपाट पटकन पेटतं.