थरच्या वाळवंटात घर धुळीपासून कसे सांभाळावे

जैसलमेर, बाडमेर किंवा बिकानेरला बिऱ्हाड करणाऱ्याने एक गोष्ट आधीच स्वीकारावी: तेथील धूळ कायमची घालवता येत नाही. मात्र ती घरात किती शिरावी आणि शिरलेली पुन्हा किती उडावी, हे बरेचसे आपल्या हाती असते.

सुरुवात दारांपासून करावी. वाऱ्याबरोबर सरपटत, उड्या घेत येणारी जाड वाळू बहुतेक जमिनीपासून मीटरभर उंचीच्या आतच वाहते, म्हणून दाराखालची फट रबरी पट्टीने किंवा कापडाच्या घट्ट वळकटीने बुजवली की ती बरीचशी बाहेरच राहते. बारीक धुळीचे तसे नाही; ती हवेत तरंगते आणि खिडकीच्या चौकटीतूनही आत येते. उन्हाळ्यात येथे जोराचा वारा मुख्यतः नैऋत्येकडून वाहतो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्यांच्या फटी आधी बंद कराव्यात आणि वारा पडलेला असेल तेव्हाच घर उघडावे.

खरा फरक पडतो तो साफसफाईच्या रीतीने. कोरड्या झाडूने जोरात झाडले की बारीक कण हवेत उडतात, काही काळ तेथेच राहतात आणि झाडणाऱ्याच्याच श्वासात जातात. त्याऐवजी घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने आधी पंख्याची पाती, मग फळ्या आणि कपाटे, आणि शेवटी फरशी, असे वरून खाली पुसत यावे. फरशीवर वाळू साचली असेल, तर ती केरसुणी न उचलता हलक्या हाताने ओढून आधी भरून घ्यावी, नाहीतर पुसताना फरशीवर चरे पडतात. जैसलमेरला वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो, तेव्हा घर धुऊन काढणे तेथे शोभत नाही. अर्धी बादली पाणी पुरते आणि तेही नंतर झाडांना घालता येते.

माठ, पिठाचे डबे आणि शिजवलेले अन्न नेहमी झाकलेले असावे. एसीची जाळी उन्हाळ्यात दर आठवड्याला पाहावी.

एप्रिल ते जूनच्या दरम्यान आंधी येते. क्षितिजावर पिवळसर-काळी भिंत दिसताच वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत, कूलर बंद करावा, कारण तो बाहेरची हवा खेचतो, आणि मुलांना व वृद्धांना आतल्या खोलीत बसवावे. बाहेर जाणे टळत नसेल, तर तोंडावरच्या ओढणीने वाळू अडते, पण फुप्फुसापर्यंत पोहोचणारी बारीक धूळ अडत नाही. त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मुखपट्टाच हवा. दम्याच्या रुग्णाने आपला इनहेलर हाताशी ठेवावा. डोळ्यांत कण गेल्यास डोळे चोळू नयेत, स्वच्छ पाण्याने धुवावेत. गाडी चालवत असाल, तर ती रस्त्यापासून शक्य तितकी दूर घेऊन थांबवावी.

अंगण असेल, तर वाऱ्याच्या बाजूला खेजडी किंवा रोहिडा लावावा आणि मोकळ्या मातीवर सेवण गवत वाढू द्यावे. जोधपूरच्या 'काझरी' या केंद्रीय संशोधन संस्थेने वाळूचे ढिगारे स्थिर करण्यासाठी झाडांच्या व गवताच्या अशाच आडोशांवर अनेक दशके काम केले आहे. रोपे लहान असताना त्यांना कुंपण घालावे, नाहीतर शेळ्या ती वाढू देणार नाहीत.