मराठी पोस्टची शेपटासारखी लिंक आखूड करा

ब्लॉगवरच्या मराठी शीर्षकाच्या पोस्टची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की लिंकच्या जागी बऱ्याचदा टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांची रांगच रांग दिसते. लोकांना ती व्हायरसची वाटते, मग कोण कशाला उघडतंय!

पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, 9 चिन्हं खातं. वर्डप्रेसमध्ये स्लगला, म्हणजे पत्त्यातल्या पोस्टच्या नावाला, मर्यादा 200 चिन्हांची. म्हणजे ‘औंढा नागनाथला एका दिवसात कसे जाल’ या शीर्षकातलं ‘कसे जाल’ लिंकमधून छाटलंच जातं.

1. शीर्षक मराठीतच ठेवा. त्याला हात लावायचा नाही.
2. ‘पब्लिश’ दाबण्याआधी उजव्या पट्टीत ‘स्लग’ उघडा.
3. तिथं तीन-चार शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहा आणि मध्ये आडवी रेघ (-) द्या. तारीख-साल घालू नका. पुढच्या वर्षी मजकूर बदलला तरी लिंक चालते.
4. कॅटेगरी आणि टॅगचे स्लगही असेच बदला. हे हमखास राहून जातं.

ब्लॉगरवर ‘पर्मालिंक’मध्ये ‘कस्टम’ निवडा. नाहीतर मराठी शीर्षकाला तो ‘ब्लॉग-पोस्ट’ असलं बिनचेहऱ्याचं नाव चिकटवतो.

जुन्या लिंकना मात्र जपून. वर्डप्रेस पोस्टचा जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळवतं, पण ‘पेज’ची तशी हमी धरू नका. तिथं आधी रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवायची सोय) लावा, मगच स्लग बदला.