सोलरवरची लिथियम बॅटरी थंडीत कशी सांभाळावी

पुण्यात गाडीवर सोलर आणि बॅटरी बसवून थंडीत स्पिती-लडाख गाठणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सिस्टीम घराच्या गच्चीवर असेल तर पहिली पायरी पुरे. पुण्याचा आजवरचा नीचांकच 1.7 अंश आहे, तोही जानेवारी 1935 मधला.

नियम एकच. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल शून्याखाली असताना चार्ज करायचा नाही. लोड चालवायला हरकत नाही, बहुतेक सेल उणे 20 पर्यंत करंट देतात. चार्जिंगचं तसं नाही. सेलच्या आतल्या गारठलेल्या ग्रॅफाइटमध्ये लिथियम वेळेत शिरत नाही, वरच त्याचा धातूचा थर बसतो. त्यात गेलेली क्षमता बहुतांशी परत येत नाही, आणि थर वाढला तर सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. बाहेरून मात्र काही दिसत नाही. म्हणून ‘आमची तर व्यवस्थित चालते’ हा सल्ला कुणाचाही ऐकू नका.

1. कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरी चार्ज करणारा डबा) लिथियम मोडवर टाका आणि टेम्परेचर कॉम्पेन्सेशन शून्य करा. लेड-अ‍ॅसिडच्या सेटिंगमध्ये गारठा वाढला की व्होल्टेज आपोआप चढतं. जानेवारीत सकाळी 9 अंशाला 14.4 व्होल्टचे 14.8 होतात, आणि चार सेलच्या एलएफपीची मर्यादा 14.6 आहे. हा घोळ पुण्यातही होतो.

2. तापमानाचा सेन्सर सेलला चिकटवा. इथेच मी एकदा मार खाल्लाय.

माझ्या पहिल्या गाडीत सेन्सर बॅटरीच्या पेटीत, झाकणाच्या आतून टांगला होता. वायर तेवढीच पुरत होती. स्पितीत काझाला सकाळी नऊच्या सुमारास ऊन आलं, पेटीतली हवा तापली, अ‍ॅपवर 6 अंश दिसले आणि चार्जिंग सुरू झालं. मी समाधानाने चहा ठेवला. दहा-बारा किलोचा पॅक रात्रभर गोठलेला असतो, तो तासाभराच्या उन्हाने तापत नाही, हे डोक्यातच आलं नाही. असे चार दिवस गेले. पुण्यात परतल्यावर कपॅसिटी टेस्ट लावली तेव्हा 100 एएचचा (अँपिअर-तासांचा) पॅक 81 वर आला होता.

पॅनल जागं होतं तेव्हाच सेल सर्वांत गार असतात, म्हणून हवेचं तापमान नेमकं त्याच वेळी फसवतं. सेन्सर दोन सेलच्या मध्ये, मधल्या उंचीवर, कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) पक्का बसवा आणि वरून फोमचा तुकडा लावा. टर्मिनलवर नको, बसबार (सेल जोडणारी धातूची पट्टी) तापला की आकडा खोटा येतो. इन्व्हर्टरच्या बाजूच्या भिंतीवर तर अजिबात नको. वायर कमी पडली तर वाढवा, जागा बदलू नका.

3. कंट्रोलरमध्ये चार्जिंग 5 अंशाला बंद, 8 ला सुरू. शून्यावर ठेवायचा मोह टाळा, कारण कडेचे सेल मधल्यांपेक्षा गार असतात. बीएमएसचं (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) कट-ऑफ हा शेवटचा बंधारा आहे, रोजचा दरवाजा नव्हे. पॅनल चालू असताना बीएमएसने बॅटरी तोडली तर काही कंट्रोलरचं व्होल्टेज एकदम उसळतं. स्वस्तातल्या काही बीएमएसमध्ये तर थंडीचं कट-ऑफच नसतं. विक्रेता ‘आहे की’ म्हणाला तरी पुढची चाचणी करा.

4. बर्फाची चाचणी घरीच होते. बॅटरी अर्धी रिकामी असताना, भर दुपारी, सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या चुऱ्यात बुडवा. अ‍ॅपवर शून्याच्या आसपास आकडा यायला हवा आणि चार्जिंगचा करंट शून्य व्हायला हवा. दिवा मात्र चालूच राहिला पाहिजे. बीएमएसचा सेन्सर तपासताना बर्फात मीठ घाला, म्हणजे पारा शून्याच्या बराच खाली जातो.

शून्याऐवजी 3 दिसले तर सेन्सर चुकीचा आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ‘10के’ (25 अंशाला 10 किलोओहम) म्हणून जे मिळतात त्यांतही प्रकार आहेत. 25 अंशाला सगळे सारखेच दाखवतात, फरक थंडीतच उघडा पडतो. मल्टिमीटर लावून बघा. 3950 बीटाचा (गारठ्यात रोध किती वाढतो ते सांगणारा आकडा) सेन्सर बर्फात साधारण 33 किलोओहम दाखवतो, 3435 चा 29 च्या आसपास. कंट्रोलरच्या पुस्तिकेत जो लिहिला असेल तोच घ्या.

5. हीटर पॅड सेलच्या खाली अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर, थर्मोस्टॅट आणि फ्यूजसह. तो बॅटरीवर रात्रभर चालवू नका. सकाळी पॅनलची वीज आधी पॅडला मिळेल आणि सेल 8 अंशावर आले की मगच बॅटरीकडे वळेल, अशी जोडणी करून घ्या. पहिला तासभर मी 100 एएचला 10 अँपिअरच्या वर जात नाही.