फुकटचा ब्लॉग काढताय? निदान या चुका तरी टाळा

"ब्लॉगसाठी कुठला प्लॅटफॉर्म चांगला?" हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा अजून एक ओळही लिहिलेली नसते. मी उलट विचारतो, "तिथून उद्या निघायचं झालं तर सोबत काय काय नेता येईल?" यावर चेहरा पडतो. घर बघायला आलेल्याला आधी मागचं दार दाखवल्यासारखं वाटत असावं.

पण फुकटच्या जागा बंद पडतात. फुकट वेबपानं देणारं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं. पोस्टरस ही ब्लॉगसेवा ट्विटरने २०१२ मध्ये विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिला कुलूप लावलं. मोठ्या नावांची ही गत, तर मी ज्या छोट्या सेवेवर लिहीत होतो तिची काय कथा?

ती बंद होणार असल्याची मेल आली तेव्हा मी घाबरलो नाही, उलट जरा शेखीच मिरवली. दर महिन्याला ब्लॉगची एक्सपोर्टची फाइल (बाहेर नेण्याची प्रत) उतरवून ठेवायची सवय होती ना! मुदत उलटल्यावर निवांतपणे ती दुसरीकडे इम्पोर्ट केली. पोस्टी आल्या, तारखा आल्या, कमेंटही आल्या. आणि प्रत्येक फोटोच्या जागी तुटका चौकोन. त्या एक्सपोर्टच्या फाइलमध्ये फोटो नव्हतेच, फक्त फोटोंचे पत्ते होते. घरच पाडल्यावर पत्ता घेऊन काय करणार? मूळ फोटो जुन्या फोनबरोबर केव्हाच गेलेले. सायकलची चेन कशी बदलावी यावरच्या माझ्या एका लेखात "खालच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे" हे अकरा वेळा येतं आणि खाली चित्र एकही नाही. तो लेख मी मुद्दाम तसाच ठेवलाय.

वर्डप्रेस या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरच्या एक्सपोर्ट फाइलचंही हेच आहे, फोटो वेगळे उतरवावे लागतात. म्हणून आता माझा लेख आधी संगणकावर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तयार होतो, फोटो त्याच फोल्डरात राहतात आणि मगच सगळं ब्लॉगवर चढतं. एडिटरमध्ये थेट टंकणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

दुसरी चूक वर्डप्रेसच्या नावावरून होते. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, पण होस्टिंगचे, म्हणजे ते ठेवायच्या सर्व्हरवरच्या जागेचे, पैसे तुमचे. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा. तिच्या फुकट योजनेत हवे ते प्लगइन (जादा सोयींचे जोड-प्रोग्राम) टाकता येत नाहीत, आणि तुमच्या लेखांवर ज्या जाहिराती दिसतात त्यांचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत. लोक पहिल्याचा व्हिडिओ बघतात, दुसऱ्यावर खातं उघडतात आणि रात्री अकराला मला विचारतात, "प्लगइनचं बटण कुठे गेलं?" कुठेही गेलेलं नाही. व्हिडिओ बघण्याआधी दोन मिनिटं वाचलं असतं तर कळलं असतं.

आता माझी सगळ्यात आवडती चूक, खास मराठीत लिहिणाऱ्यांची. गूगलच्या ब्लॉगर या फुकट सेवेवर शीर्षक देवनागरीत दिलं की लेखाची लिंक त्यातून बनत नाही. नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' एवढंच येतं, पुढच्या लेखाला तेच आणि मागे एक आकडा. एका मैत्रिणीचे साठ लेख असे होते, साठही 'ब्लॉग-पोस्ट'. कुठली लिंक कशाची, तिचं तिलाच कळेना. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक (लेखाची कायमची लिंक) उघडा आणि रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः टाका. वर्डप्रेस देवनागरी लिंक घेतं, पण ती कॉपी करून कोणाला पाठवली की टक्केवारीच्या चिन्हांची हातभर लांब माळ होते. तिथेही मी रोमनच टाकतो.

आणि हे आधी करायचं. ब्लॉगरवर लेख बाहेर गेल्यावर लिंक बदलली की लोकांनी जपून ठेवलेली जुनी लिंक मरते. ब्लॉगचा पत्ता बदलण्याचंही तसंच. "नाव आता आवडत नाही" म्हणून वर्षभराने ब्लॉगस्पॉटचा (ब्लॉगरवर फुकट मिळणारा) पत्ता बदललात, तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कोणी नव्या दारी आणून सोडत नाही. नावावर पुढेही ठाम राहणार नसाल तर सुरुवातीलाच स्वतःचं डोमेन (विकत घेतलेला वेबपत्ता) घ्या. ब्लॉगरला ते जोडायला वेगळे पैसे पडत नाहीत.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. वर्डमधून थेट चिकटवू नका, फॉन्टचा कचरा सोबत येतो; कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा. पैसे देऊन घ्यायची थीम (ब्लॉगचा तयार साज) कुठूनतरी फुकट उतरवाल, तर तळाशी दडवलेल्या परक्या लिंकही पदरात पडतील. पाच लेख आणि नऊ वेळा बदललेली थीम, हा ब्लॉग नव्हे. तिसऱ्या दिवशी ॲडसेन्सचं, म्हणजे गूगलच्या जाहिरातींतून येणाऱ्या पैशांचं, विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.

ब्लॉग एकाच मेल खात्यावर लटकत ठेवू नका. ब्लॉगरमध्ये दुसरा ॲडमिन जोडता येतो. तिथे स्वतःचाच दुसरा मेल द्या आणि अधूनमधून त्या खात्यातही शिरा. दोन वर्षं हात न लावलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. रागाच्या भरात ब्लॉगच उडवला असेल, तर ब्लॉगरवर तो परत आणायला ९० दिवस मिळतात. बहुतेकांचा राग त्याच्या आत उतरतो.