नव्या सुताराने आधी लाकूड वाळू द्यावे

सातपूरच्या आयटीआयमधून सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी बाहेर पडलो, तेव्हा मला रंधा सरळ मारता येत होता आणि पटाशीने खाच स्वच्छ घेता येत होती. लाकूड मात्र अजून कळत नव्हते. ऑगस्टमध्ये एका ओळखीच्या कुटुंबासाठी मी सागवानी जेवणाचे टेबल केले. वखारीतून आणलेल्या फळ्या दोनच दिवसांत रंधा मारून चिकटवल्या आणि वरची फळी खालच्या चौकटीला स्क्रूंनी घट्ट आवळली. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, तेव्हा वरच्या फळीच्या मधोमध नाणे उभे सरकेल एवढी फट पडली होती.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत मात्र हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आटते. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने होणारा बदल त्यांना काटकोनात होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या त्या लाकडाला नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात आटायचे होते आणि माझे स्क्रू त्याला हलू देत नव्हते. आता मी चौकटीतली भोके लांबट पाडतो, फळ्या मध्ये पट्ट्या घालून काही आठवडे रचून ठेवतो आणि प्रत्येक फळीचे टोक पाहून वर्तुळांची दिशा ठरवतो. कडेचा पांढरट भाग घेत नाही, कारण कीड आधी तिथेच लागते. जुन्या वाड्यांचे सागवान मिळाले तर ते चांगले मुरलेले असते, पण रंध्याआधी त्यावर लोहचुंबक फिरवावे. एक दडलेला खिळा पात्याची धार घालवतो.

दर सांगतानाही माझी अशीच चूक झाली होती. 1 इंच जाडीची 12 चौरस फूट फळी म्हणजे 1 घनफूट. रंधा मारल्यावर ती पाऊण इंच उरली, तर पाव हिस्सा भुसा होतो, तरीही मी तयार वस्तूच्या मापावर पैसे मागत असे.

सुरुवातीची मिळकत स्थिर हवी असेल, तर मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात प्लायवूडचे काम अवश्य करावे. तिथे मापाची शिस्त लागते. पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने पहिले 1 लाखापर्यंतचे कर्ज मिळू शकते. ते पैसे यंत्रावर घालण्याआधी चांगल्या पटाश्या, धारेचा दगड आणि वाळलेले लाकूड साठवायला जागा घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.